राखणदारांची निवड कोणी करावी?

सप्टेंबर उजाडला की वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली येथील गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा लागतात. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी, असा कायद्याचा दंडक आहे. नोटिशीच्या शेवटी बहुधा एक ठरावीक टीप असते. गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब होईल, नंतर त्याच जागी भरेल आणि तेव्हा गणपूर्तीची अट राहणार नाही, असे ती टीप सांगते. अपवादासाठी केलेली ही तरतूद अनेक ठिकाणी नित्याचा क्रम होऊन बसली आहे. अर्ध्या तासानंतर जे मूठभर सभासद उरतात तेच हिशेब मंजूर करतात, तेच लेखापरीक्षकाची नेमणूक करतात. समितीच्या निवडणुकीचे वर्ष असले तरी जागा जितक्या तितकेच अर्ज येतात आणि समिती बिनविरोध झाल्याचे समाधान सर्वांनाच वाटते.

याच शहरात, महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात, संगणक कंपन्यांची कार्यालये आणि माहितीचे साठे सांभाळणारी अवाढव्य केंद्रे उभी आहेत. तेथे वावरणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात अलीकडे एका निराळ्या संस्थेचा उल्लेख येतो. या संस्थेला अध्यक्ष नाही, चिटणीस नाही, नोंदणीकृत कचेरी नाही. तिची खतावणी जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते आणि कोणालाही वाचता येते. तिला ते ‘विकेंद्रित’ संस्था म्हणतात. माणसावर विश्वास ठेवण्याची गरजच उरू नये, हा तिच्या जन्मामागचा हेतू होता. तथापि गेल्या काही वर्षांत या संस्थांनाही देखरेख समित्या स्थापाव्या लागल्या आहेत, आणि त्यांच्या सदस्यांची निवड कशी करावी यावर तेथे मोठा खल चालू आहे.

सोसायटीची समिती आणि या नव्या संस्थांच्या समित्या यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. परंतु दोहोंपुढचा प्रश्न एकच आहे. सामायिक पैशावर नजर ठेवणारा माणूस कोणाच्या मताने निवडावा आणि निवडल्यानंतर त्याच्यावर नजर कोणी ठेवावी? या प्रश्नाचे अर्धे उत्तर सहकाराजवळ शतकापासून आहे. उरलेल्या अर्ध्याच्या शोधात दोघेही आहेत.

मालक नसलेली संस्था

ब्लॉकचेन म्हणजे, साध्या शब्दांत, एकमेकींत गुंफलेल्या पानांची खतावणी. एकदा लिहिलेले पान मागाहून गुपचूप बदलता येत नाही, कारण त्याची प्रत असंख्य ठिकाणी असते. २००९ मध्ये बिटकॉइन या आभासी चलनाने ही पद्धत प्रथम व्यवहारात आणली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने पुढचे पाऊल टाकले. खतावणीत केवळ नोंदीच नव्हेत, तर करारही लिहिता येऊ लागले. ठरलेली अट पूर्ण झाली की ते आपोआप अमलात येत. वकील नको, मध्यस्थ नको, कारकूनही नको, असा तो काळ होता.

या उत्साहातून २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाचा सामायिक निधी उभा राहिला. त्यात सुमारे १५ कोटी डॉलर जमा झाले. तो कोठे गुंतवायचा हे निधीत भाग घेणाऱ्यांनी मतदानाने ठरवायचे होते. १७ जून २०१६ रोजी त्या करारातील एका त्रुटीचा फायदा घेऊन कोणी अज्ञाताने सुमारे ३६ लाख ‘ईथर’ बाहेर वळविले. करारात जे लिहिले होते त्याचाच त्याने वापर केला होता. मग तो चोर म्हणायचा की चतुर पक्षकार? नियम सांगत होता की पान बदलता येत नाही. न्यायबुद्धी सांगत होती की ते बदललेच पाहिजे. अखेर २० जुलै २०१६ रोजी इथेरियमच्या बहुसंख्यांनी खतावणीची दिशाच बदलली आणि पैसे परत केले. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी जुनी खतावणी ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली.

या प्रसंगाचा धडा पुढे सर्वांनी घेतला. नियम कितीही काटेकोर लिहिले तरी आग लागल्यावर दार फोडण्याचा अधिकार कोणाला तरी द्यावाच लागतो. असा अधिकार देण्याची एक पद्धत इथेरियमवर आधारलेल्या ‘आर्बिट्रम’ या जाळ्यात दिसते. तेथे २०२३ मध्ये बारा जणांची सुरक्षा परिषद आली. आणीबाणीत तिच्या बारांपैकी नऊ जणांनी सह्या केल्या की मतदानाची वाट न पाहता दुरुस्ती करता येते. पहिले बारा नियुक्त होते. मूळ नियमांनुसार दर सहा महिन्यांनी निम्मे निवृत्त व्हायचे आणि त्यांच्या जागी निवडणूक व्हायची. एकाच संस्थेशी संबंधित असे तिघांहून अधिक सदस्य परिषदेत असू नयेत, असेही बंधन घातले गेले. ‘कार्डानो’ या जाळ्याने तर आपली घटनाच लिहिली आणि तिच्या रक्षणासाठी नेमलेल्या हंगामी समितीच्या जागी २०२५ मध्ये सात जागांची निवडणूक घेतली.

या जगात मुंबईचाही वाटा आहे. ‘पॉलिगॉन’ हे आज जगभर वापरले जाणारे जाळे २०१७ मध्ये मुंबईतील तरुणांनी ‘मॅटिक’ या नावाने सुरू केले. नव्या सुधारणा आधी तपासून पाहण्यासाठी त्यांनी जे चाचणी-जाळे उभारले होते त्याचे नावच ‘मुंबई’ होते. २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले. या पॉलिगॉननेही २०२३ मध्ये तेरा जणांची परिषद जाहीर केली. नेहमीच्या बदलाला सात जणांची संमती आणि त्यानंतर दहा दिवसांचा थांबा, तर तातडीच्या बदलाला दहा जणांची संमती, अशी तिची रचना आहे. पहिले तेरा सदस्य मात्र निवडणुकीने नव्हे, नियुक्तीने आले.

भांडवलाचे मत

जेथे निवडणूक होते तेथे मतदार कोण असतो? येथेच खरी मेख आहे. या संस्थांत मत माणसाला नसते, ‘टोकन’ला असते. टोकन म्हणजे त्या संस्थेतील हिश्श्याचा बिल्ला. तो बाजारात विकत मिळतो. ज्याच्याजवळ शंभर टोकन त्याची शंभर मते, ज्याच्याजवळ दहा लाख त्याची दहा लाख. स्वतःला वेळ नसल्यास ती मते दुसऱ्याच्या हवाली करण्याचीही सोय आहे. तात्पर्य, विकेंद्रित म्हणविणाऱ्या संस्थेचा मतदानाचा नियम थेट संयुक्त भांडवली कंपनीचा आहे. खतावणी हजारो संगणकांवर विखुरली म्हणून सत्ता विखुरते असे नाही. टोकन दहा हातांत एकवटले असतील तर देखरेख समितीही त्या दहांचीच होते.

मताची खरेदी शक्य झाली की ते उसनेही घेता येते. ‘बीनस्टॉक’ या संस्थेत एप्रिल २०२२ मध्ये हेच घडले. एकाने क्षणभरासाठी प्रचंड कर्ज काढले, त्या पैशाने मतांचे निर्णायक आधिक्य मिळविले, संस्थेचा निधी आपल्याकडे वळविण्याचा ठराव संमत करून घेतला आणि त्याच व्यवहारात कर्ज फेडूनही टाकले. संस्थेचे सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचे नुकसान झाले. दारावर पहारा होता, पण ज्याच्या खिशात क्षणभर पैसा असेल त्याचे ऐकायचे, असाच त्या पहाऱ्याला हुकूम होता. इथेरियमचे एक जनक वितालिक बुटेरिन यांनी टोकनच्या हिशेबाने मत देण्याच्या या पद्धतीवर २०२१ मध्येच सविस्तर टीका केली होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाला चटकन ओळखता येईल. मार्च २०२३ च्या अखेरीस आर्बिट्रमच्या व्यवस्थापकीय प्रतिष्ठानाने आपला पहिला ठराव मतास टाकला. त्यात प्रतिष्ठानाकडे ७५ कोटी टोकन सोपविण्याची तरतूद होती. मतदान चालू असतानाच उघड झाले की त्यांतील काही टोकन आधीच खर्ची व कर्जाऊ पडले आहेत. ठराव म्हणजे झालेल्या निर्णयावर केवळ शिक्कामोर्तब होय, असे स्पष्टीकरण देण्यात आले. सदस्यांत मोठा क्षोभ उसळला आणि ठराव तुकड्यातुकड्यांनी पुन्हा मांडावा लागला. सरकारी व सहकारी दप्तरात या प्रकाराला ‘कार्योत्तर मंजुरी’ हे जुने नाव आहे. आर्बिट्रमच्या सभासदांना ती सात दिवसांत पकडता आली, याचे श्रेय मात्र उघड्या खतावणीला द्यायला हवे.

एक सभासद, एक मत

भांडवलाला मत द्यावे की माणसाला, हा वाद सहकाराने फार पूर्वी निकालात काढला. १८४४ मध्ये इंग्लंडातील रॉचडेल येथे अठ्ठावीस जणांनी दुकान काढले, तेव्हा भाग कितीही असोत, मत एकच, हा नियम त्यांनी पाळला. भारतात १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना आरंभ झाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने हेच तत्त्व आपल्या २७ व्या कलमात घातले. सभासदाचे भाग कितीही असले तरी त्याला मत एकच, आणि तेही त्याने जातीने हजर राहून द्यायचे, मुखत्याराकरवी नव्हे. प्रवरानगरच्या साखर कारखान्याची उभारणी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी केली ती याच पायावर. दोन एकर उसाच्या शेतकऱ्याचे मत आणि वीस एकरवाल्याचे मत तेथे सारखेच मोजले जावे, हा केवळ नीतीचा आग्रह नव्हता. त्यामागे अर्थशास्त्रीय हिशेबही होता. मत विकत घेता आले तर संस्थेवर देखरेख करण्यापेक्षा तिचा ताबा घेणे अधिक किफायतशीर ठरते. मत माणसाला चिकटलेले असले म्हणजे ताब्याचा भाव चढतो आणि देखरेखीचा उतरतो.

नवी मुंबईत हे दोन्ही नियम शेजारी शेजारी पाहायला मिळतात. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदाही झाला. सिडकोने बांधलेल्या घरांपैकी अनेकांचा कारभार या कायद्याखाली सदनिकाधारकांच्या संघटनेकडे गेला, तर खासगी विकासकांच्या व इतर अनेक इमारती सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या. सोसायटीत दोन खोल्यांच्या घराला जितके मत तितकेच चार खोल्यांच्या घराला. अपार्टमेंट कायद्यात मात्र बहुमताची गणना प्रत्येक सदनिकेला नेमून दिलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने होते आणि ती टक्केवारी सदनिकेच्या मूल्यावर ठरते. एकाच सेक्टरमध्ये रस्त्याच्या एका बाजूला माणसाचे मत आणि दुसऱ्या बाजूला मालमत्तेचे मत! टोकनच्या मतदानाची नवलाई सांगणाऱ्यांनी हा जुना मुकाबला अवश्य अभ्यासावा.

माणसाचे मतही अपुरे पडते

तथापि ‘एक सभासद, एक मत’ हा मंत्र म्हटला की देखरेख साधते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. तसे असते तर महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास फार वेगळा झाला असता.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे उदाहरण मुंबई-नवी मुंबईतील सामान्य खातेदार सहसा विसरणार नाहीत. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि आरंभी सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा दिली. बँकेला निवडून आलेले संचालक मंडळ होते, हिशेबतपासनीस होते. तरीही कर्जाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि ते झाकण्यासाठी हजारो खोटी कर्जखाती दाखविण्यात आली, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तत्पूर्वी, ऑगस्ट २०२१ मध्ये, पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला होता. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली, म्हणून पुष्कळ लहान ठेवीदारांचे निभावले.

या घटनांत मताधिकाराची एक विसंगती लपलेली आहे. नागरी बँकेत मत असते ते भागधारक सभासदाला. कर्जदाराला सभासद व्हावे लागते, ठेवीदाराला व्हावे लागत नाही. परिणामी ज्यांचा पैसा धोक्यात असतो त्या बहुसंख्य ठेवीदारांना मत नाही आणि ज्यांनी तो पैसा उचललेला असतो त्यांना मात्र आहे. ब्लॉकचेनच्या संस्थांचीही स्थिती निराळी नाही. टोकनधारक मत देतात आणि जाळ्यावर ज्यांचे व्यवहार चालतात ते वापरकर्ते बाहेरच राहतात. देखरेख समितीची निवडणूक किती चोख झाली यापेक्षा मतदारयादीत कोणाला जागा मिळाली, हा प्रश्न त्यामुळे अधिक मूलगामी ठरतो.

पीएमसी प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी शंभर कोटी रुपये किंवा अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांना जाणकारांचे स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ नेमण्यास सांगितले. उपाय योग्य दिशेचा आहे. परंतु हे मंडळ नेमते कोण? संचालक मंडळच. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्यानेच लक्ष ठेवणारा निवडावा, हा घोळ पुरता सुटला असे म्हणता येणार नाही.

घटनेच्या पातळीवरही प्रयत्न झाले. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी अमलात आलेल्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांची मुदत, संचालकांची संख्या आणि निवडणुकांसाठी स्वतंत्र यंत्रणा यांचे नियम घातले. सहकार हा राज्याचा विषय असल्याने आणि राज्यांची संमती घेतली नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी त्या दुरुस्तीतील राज्यांतर्गत संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरविला. महाराष्ट्राने आपल्या कायद्यात राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आणले होते, ते राहिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मोकळीक मिळाली. लहान संस्थेला मोठ्या यंत्रणेचा जाच नको, हा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याबरोबर बाहेरचा डोळाही गेला. आतला डोळा उघडा ठेवणे हे सभासदांचेच काम झाले.

लोकांना निवडणुकीविना राहण्याची सवय किती सहज लागते याचे उदाहरण शहराच्या पातळीवरही आहे. नवी मुंबई महानगरपालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधल्या काळात पाणी आले, रस्ते झाले, कचरा उचलला गेला. परंतु अंदाजपत्रकावर जाब विचारणारा निवडून आलेला माणूस सभागृहात नव्हता, आणि त्याची उणीव फार थोड्यांना जाणवली.

पुनर्विकासाची कसोटी

हा सारा ऊहापोह पुस्तकी नाही, हे पुनर्विकासाच्या प्रश्नावरून दिसते. वाशी, नेरुळ, बेलापूर येथील जुन्या वसाहतींचे वय झाले आहे. सिडकोने बांधलेल्या अनेक इमारती मोडकळीस आल्या आहेत. आयुष्यभराच्या नोकरीतून घेतलेले घर पाडून नवे बांधण्याचा करार करायचा, हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार. २००९ च्या शासकीय निर्देशात सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाला तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागत असे. ४ जुलै २०१९ च्या सुधारित निर्देशाने ती ५१ टक्क्यांवर आली. सभेला निबंधकांचा प्रतिनिधी असावा, तिचे चित्रीकरण व्हावे, अशा अटी आहेत. त्या चांगल्याच आहेत. पण संमतीचा उंबरठा खाली आला म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांचे संरक्षण देखरेखीच्या गुणवत्तेवर अवलंबून राहते.

विकासक निवडल्यानंतरची तीन-चार वर्षे कोणी लक्ष ठेवायचे? भाडे वेळेवर येते का, बँक हमी जिवंत आहे का, मंजूर नकाशात मागाहून बदल झाला का, हे कोणी पाहायचे? रोजचा कारभार करणाऱ्या व्यवस्थापक समितीनेच हेही करावे, अशी आज बहुतेक ठिकाणी अपेक्षा असते. विकासकाशी रोज वाटाघाटी करणारा आणि त्याच वाटाघाटींचा निवाडा करणारा माणूस एकच असावा, हे कोणत्याही व्यवस्थेला पेलणारे नाही.

देवाणघेवाण

येथे नव्या संस्थांपासून काही गोष्टी उचलता येतील. पहिली म्हणजे थांबा. पॉलिगॉनच्या नेहमीच्या बदलाला संमतीनंतरही दहा दिवस थांबावे लागते. त्या अवधीत कोणालाही तो वाचता येतो, हरकत घेता येते, निघून जायचे तर जाता येते. मोठ्या खर्चाचा किंवा कराराचा ठराव झाल्यावर तो सर्व सभासदांना पाठवून पंधरा दिवसांनीच त्यावर सही करावी, असा साधा नियम प्रत्येक संस्थेला करता येईल. त्यामुळे कार्योत्तर मंजुरीची प्रथा निम्म्याने कमी होईल. दुसरी गोष्ट म्हणजे पाळीपाळीने निवृत्ती. देखरेख करणाऱ्यांपैकी निम्मेच एका वेळी बदलले तर अनुभवही राहतो आणि मिरासदारीही होत नाही. तिसरी, एकाच गोटातील सदस्यसंख्येवर मर्यादा. चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची, उघडी खतावणी. बँकेचा उतारा, निविदांचे तुलनात्मक तक्ते, विकासकाशी झालेला पत्रव्यवहार सभासदाला मागण्याची वेळ न येता दिसत राहिला पाहिजे. त्यासाठी ब्लॉकचेनची मुळीच गरज नाही. दर महिन्याला सूचनाफलकावर लावलेले चार कागदही पुरेसे आहेत.

नव्या संस्थांनी सहकाराकडून घ्यायचे ते एवढेच की, राखणदाराची निवड केवळ पैशाच्या वजनाने होऊ नये. अर्थात ‘एक माणूस, एक मत’ हे तेथे आणणे सोपे नाही. खतावणीत माणूस दिसत नाही, फक्त पत्ता दिसतो, आणि एकच माणूस हजार पत्ते धारण करू शकतो. निवडणुकीच्या तोंडावर बोगस सभासद भरती झालेल्या पतसंस्था पाहिलेल्यांना ही अडचण अपरिचित वाटू नये. तरीही मार्ग निघत आहेत. ‘ऑप्टिमिझम’ या जाळ्याने २०२२ पासून दोन सभागृहांची रचना स्वीकारली. एकात टोकनची मते, दुसऱ्यात माणसागणिक एक मत. दुसरा दाखला मुंबईच्याच वझीरएक्स या आभासी चलनाच्या बाजाराचा आहे. १८ जुलै २०२४ रोजी तेथून सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीला गेले. त्यानंतरची पुनर्रचना सिंगापूरच्या कायद्याखाली झाली. त्या कायद्यानुसार योजनेला मतदान करणाऱ्या धनकोंच्या डोक्यांचेही बहुमत लागते आणि रकमेच्या तीन-चतुर्थांशाचेही. मोठ्या धनकोला लहानांना डावलता येत नाही आणि लहानांना मोठ्याला लुबाडता येत नाही. ‘डोकी आणि रक्कम’ ही दुहेरी कसोटी देखरेख समित्यांच्या निवडणुकीलाही लावण्यासारखी आहे. अपार्टमेंट कायद्याखालील संघटनांनी तिचा विचार करावा. नागरी बँकांत ठेवीदारांचे एक-दोन प्रतिनिधी त्यांच्याच मताने घेण्याची सोयही याच तत्त्वावर करता येईल.

यावर एक आक्षेप हमखास येईल. व्यवस्थापक समितीवर यायलाच कोणी तयार नसते, मग देखरेखीसाठी आणखी माणसे आणायची कोठून? आक्षेप खरा आहे. सोसायटीचे काम बिनपगारी असते, समिती सदस्याला जबाबदारी घ्यावी लागते आणि वाट्याला येतात त्या गळक्या टाकीच्या तक्रारी. परंतु देखरेखीचे काम निराळ्या जातीचे आहे. त्याला रोजचा वेळ लागत नाही, महिन्याला दोन संध्याकाळी आणि हिशेब वाचण्याची सवय लागते. निवृत्त शिक्षक, कचेरीत टिपण्या लिहून हात बसलेले कारकून, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी अशी माणसे नवी मुंबईच्या प्रत्येक इमारतीत आहेत. सभासद नसलेला विद्यार्थी मत देऊ शकणार नाही, पण ताळेबंद वाचून आईवडिलांना चार प्रश्न नक्कीच काढून देऊ शकेल.

पुनर्विकासाचा ठराव येण्याची वाट न पाहता आधीच तीन सभासदांची स्वतंत्र देखरेख समिती सर्वसाधारण सभेने निवडावी. व्यवस्थापक समितीतील किंवा त्यांच्या घरातील कोणी तीत नसावे. तिला सही करण्याचा अधिकार नसावा, मात्र प्रत्येक कागद पाहण्याचा आणि सभा बोलावण्याची मागणी करण्याचा असावा. तिच्या निवडणुकीत किमान निम्म्या सभासदांनी मत दिले नाही तर ती निवड वैध मानू नये. अर्ध्या तासाच्या तहकुबीची सवलत निदान या एका निवडणुकीला तरी नसावी. राखणदार निवडण्यासाठी तासभर बसण्याची तयारी नसलेल्यांना कोणतीही खतावणी, मग ती कागदावरची असो की हजार संगणकांवरची, फार काळ वाचवू शकणार नाही.